कागदाची साखळी

दिवाळीच्या सुट्टीत नातीला शाळेतून काम दिलं होतं : घरी 'मोबाईल' तयार करून आणा. मी म्हणालो, "अगं, मोबाईल दुकानात मिळतो. घरी करायची वस्तू आहे का ती?" ती एवढी हसली की तिच्या आईला स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागलं. मग तिनं पुस्तकातलं चित्र दाखवलं. एकमेकींवर आडव्या बांधलेल्या दोन काड्या, त्यांना दोरे आणि दोऱ्यांच्या टोकाला कागदाची पाखरं. छताला टांगायचं आणि वाऱ्यावर फिरताना बघत बसायचं.

"हे होय," मी म्हणालो. "हे तर आमच्या अक्कानं पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच केलंय."

"अक्काआज्जीनं? खरंच?"

तिला खरं वाटेना. मलाही या वस्तूला काही नाव असतं हे तेव्हाच कळलं. पुढं वाचनात आलं की अलेक्झांडर काल्डर नावाचा एक अमेरिकन शिल्पकार पॅरिसमध्ये हलती शिल्पं करायचा आणि 1931 साली मार्सेल द्युशाँ या त्याच्या कलावंत मित्रानं त्यांना 'मोबाईल' हे नाव दिलं. हाच काल्डर 1955 साली अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडं राहून गेला आणि तिथंही त्यानं अशी शिल्पं केली. मोठा माणूस असणार. पण ते चित्र बघून मला आठवली ती आमची अक्का, आमच्या माजघराची तुळई आणि त्या तुळईला टांगलेल्या सगळ्या वस्तू. धाराशिवच्या या फ्लॅटमध्ये बसून नातीला त्यातलं जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथं लिहितोय.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या अलीकडं, बोरी नदीच्या अंगाला. घर माळवदाचं. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांवर सागवानी तुळया, तुळयांवर लाकडाचे सर आणि त्यावर हातभर जाडीचा पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर थंड, थंडीत उबदार. पाऊस लागून राहिला की टपटप गळायचं, मग बाप माळवदावर चढून माती तुडवायचा. या घराची एक सोय होती. छत लाकडाचं, त्यामुळं खिळा, खुंटी, कडी कुठंही मारता यायची. शिंकं तुळईला. कंदील तुळईला. पुढच्या सालाच्या बियाणाची ज्वारीची कणसं, लसणाच्या जुड्या, पाळण्याच्या दोऱ्या, सगळं तुळईलाच. पाळण्यावर चिमणाळं असायचं : चिंध्यांच्या चिमण्या आणि राघू, मधोमध एक लाल गोंडा. बाळ उताणं पडून त्याच्याकडं बघत हातपाय नाचवायचं. नातीच्या पुस्तकातला मोबाईल आणि आमचं चिमणाळं, यांत नावाखेरीज फरक काय?

सणावाराला छताला टांगण्याची रीत तर त्याहून जुनी. आमच्या मराठवाड्यात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या घरात येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. जेवणाच्या दिवशी त्यांच्या डोक्यावर फुलोरा बांधायचा. तळलेल्या करंज्या, साटोऱ्या, पापड्या, पिठाचीच वेणी, पिठाचीच फणी, एकेकाला दोरा ओवून लाकडी चौकटीला टांगायचं. नवरात्रात घटावर कडाकण्या टांगायच्या. पातळ लाटलेल्या, कडक तळलेल्या, मधे भोक पाडून दोऱ्यात ओवलेल्या. दार उघडलं की वाऱ्यानं त्या हळूच फिरायच्या आणि आम्ही पोरं खाली उभं राहून कुठली आधी तुटून पडते याची वाट बघायचो. फुलोरा उतरला की घरोघर वाटला जायचा.

आज्जीचा याबाबत एक नियम होता. ती म्हणायची, "डोक्यावर टांगायचं ते घरच्या हातचं असावं. इकत आणून टांगलं तर ते दुकान झालं, घर न्हाई." सूट फक्त बाशिंगाला. बाशिंग भेंडाचं, वर बेगड लावलेलं, विकतच आणावं लागे. लग्न झालं की ते देवघराच्या तुळईला बांधून ठेवायचे. आमच्या घरात आज्जा, चुलते, बाप अशा तीन लग्नांची बाशिंगं होती. आज्जाच्या बाशिंगाला धुरानं असा काळा रंग चढला होता की तो कागद आहे हे हात लावल्याशिवाय कळत नसे.

तरी आमच्या घरात कागद शोभेसाठी असा नव्हताच. कागद आपल्याकडं आला तो लिहिण्यासाठी. महंमद तुघलकानं 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तिच्यामागोमाग कागद करणारे कारागीर आले असं सांगतात. खुलताबादच्या वाटेवरचं कागजीपुरा हे गाव त्यांचंच. चिंध्या, ताग कुटून हातानं केलेला दौलताबादी कागद मराठ्यांच्या दप्तरांनी वापरला. म्हणजे मराठवाड्याला कागद परका नव्हता. पण खेड्यातल्या घराला तो परकाच होता. कागद म्हणजे सावकाराची वही, पाटील-कुलकर्ण्याचं दप्तर, जमिनीचं खत. दाराला कागद चिकटला म्हणजे जप्ती. पोस्टमन 'कागद' घेऊन आला की आज्जी आधी त्याचा कोपरा बघायची. कोपरा फाडलेला असला तर कुणीतरी गेलेलं असायचं. असलं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचे, घरात ठेवत नसत. ज्या वस्तूचं आपण एवढं भय धरलेलं, ती सणाला देवीच्या डोक्यावर कोण टांगेल?

रंगीत कागद गावात दिसायचा तो वर्षातून एकदा, मोहरमला. आमच्या गावात मुसलमानांची घरं थोडी, पण ताबूत सगळ्या गावाचा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगी कागद आणि बेगड. ताबूत करणारे चाचा कागदाची घडी अशी घालायचे की कात्री दोनदाच चालायची आणि घडी उलगडली की अख्खी जाळी तयार. खळ कणकेची. तिला वाळवी, झुरळ लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे आणि पोरांना दम द्यायचे, "तोंडात बोट घालू नका रे, विष आहे ते." बायाबापड्या ताबुतावर रेवड्या उधळायच्या, नवस बोलायच्या. अक्का लहानपणी चाचांच्या ओसरीवर तासन्‌तास बसायची. कात्री धरायला ती तिथं शिकली.

आमच्या भागात कागदाची साखळी आली ती शाळेतून, तीही उशिरा. त्याला कारण आमचा इतिहास. सोलापूर इंग्रजांचं आणि नळदुर्ग निजामाचं, मधे करोडगिरीचा नाका. निजामाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. सोलापूरच्या बाजारातली वस्तू आमच्याकडं यायची ती त्या नाक्यावरून. खेड्यात शाळा थोड्या आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थानात तिरंगा लावणं हा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसनं 7 ऑगस्टला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला आणि धरपकड सुरू झाली. पुढचं वर्ष रझाकारांचं. आज्जी सांगायची, रात्री कंदील विझवून बसायचो, पोरगं रडलं तर तोंडावर पदर धरायचो. मग 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून भारतीय फौज आली आणि त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. आमची माणसं तेव्हा ज्वारीच्या शेतात लपलेली होती. रस्त्यानं गाड्यांचा आवाज चालला होता आणि तो आपल्यासाठी की आपल्यावर, हे कुणाला कळत नव्हतं. 17 तारखेला निजाम शरण आला. म्हणजे गावात उघडपणे पहिला 15 ऑगस्ट साजरा व्हायला 1949 साल उजाडलं.

मी शाळेत जायला लागलो तो काळ 1965 च्या आसपासचा. मराठवाडा महाराष्ट्रात आला होता आणि 1962 पासून शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या होत्या. शाळा मारुतीच्या देवळात, चौथीपर्यंत, गुरुजी एकच. या गुरुजींना कागदकामाचा नाद. टकळीवर सूत काढणं, मातीची फळं करणं आणि कागदकाम, हे गांधीजींच्या मूलोद्योग शिक्षणातून आमच्या शाळांपर्यंत झिरपलेले विषय होते. त्याच्याही मागं गेलं तर जर्मनीतला फ्रोबेल भेटतो. त्यानं 1837 साली लहान मुलांची शाळा काढली आणि कागदाच्या घड्या, कागद कातरणं, पट्ट्या विणणं हा तिथला अभ्यासच केला. हे मला पुढं शिक्षक व्हायच्या परीक्षेत पाठ करावं लागलं. तेव्हा मात्र एवढंच ठाऊक की श्रावण लागला की गुरुजी सोलापूरहून घोटीव कागदाचे ताव आणणार.

साखळीचा हिशेब गुरुजी गणिताच्या तासाला घालायचे. ताव वीस इंच रुंद, तीस इंच लांब. पट्टी एक इंच रुंद, साडेसात इंच लांब. तर एका तावात पट्ट्या किती? ऐंशी. ज्याला उत्तर आलं त्याच्या हातात कात्री. पट्टीची टोकं अर्धा इंच एकमेकांवर ठेवून खळीनं चिकटवायची की कडं झालं. दुसरी पट्टी त्या कड्यातून ओवायची आणि मग चिकटवायची. चिकटवून मग ओवायला जाणारा एकतरी पोरगा दरवर्षी निघायचाच. ऐंशी कड्यांची साखळी ताणून धरली की पंधरा-सोळा फूट भरायची, देवळाच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत. केशरी आणि हिरवा कागद विकतचा, पांढरा आमच्या वह्यांचा. केशरी, पांढरी, हिरवी, हा क्रम चुकला तर गुरुजी अख्खी साखळी तोडायला लावायचे. "झेंडा चुकतोय," म्हणायचे. पहिल्यांदा ही साखळी बघितल्यावर आज्जा देवळाच्या पायरीवर बराच वेळ बसून होता म्हणे. हे तीन रंग उघड्यावर बघायची त्याला अजून सवय झाली नव्हती.

पंधरा ऑगस्ट झाला की दुसऱ्या दिवशी गुरुजी साखळी उतरवायचे आणि पोरांत वाटून टाकायचे. प्रत्येकाला हातभर. एका वर्षी अक्कानं तिची आणि माझी जोडून महालक्ष्म्यांच्या चौकटीला बांधली. आज्जी भडकली. "फुलोरा आसतो तो खायाचा, वाटायचा. ह्यो कागद कोण खानार? काढ आदी."

अक्का म्हणाली, "आज्जे, हे पन वाटलेलंच हाय. गुर्जींनी समद्यांला वाटलंय."

आज्जी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "वाटून आलंय म्हंजी परसादच की. ऱ्हाऊ दे."

आमच्या घरात कागद असा शिरला. पुढच्या दोन-तीन वर्षांत निम्म्या गावात शिरला. पोरांनी आणलेली हातभर साखळी आधी देवघरात, मग माजघरात, मग लग्नाच्या मांडवात. सुतळीला खळ लावून पतंगी कागदाच्या तिकोनी पताका चिकटवायच्या, त्यांच्या मधे कातरलेल्या झिरमिळ्या सोडायच्या. ज्याच्या घरी लग्न, त्याच्या ओसरीवर गल्लीतली सगळी पोरं रात्रभर कात्र्या चालवायची. मजुरी म्हणजे गुळाचा चहा.

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चौथी पास झाली आणि तिची शाळा संपली. पुढची शाळा तीन मैलांवर. मुलं पायी जायची, मुली घरी राहायच्या. यावर घरात चर्चाही झाली नाही. अक्का शेळ्या राखायला लागली. पण श्रावणात माझ्या वर्गाची साखळी तीच करायची. मी पट्ट्या घरी आणायचो, ती रात्री कंदिलाखाली चिकटवायची. मी चौथीत असताना, 1969 साली, तिनं नवीनच काहीतरी केलं. ज्वारीच्या धाटाच्या भेंडाची पाखरं केली, त्यांना कागदाचे पंख लावले. दोन तुराट्या एकमेकींवर बांधल्या आणि चार टोकांना दोऱ्यानं चार पाखरं. आधी ते एका बाजूला कलंडायचं. अक्का दोरे सरकवत राहिली. जड पाखराचा दोरा मधल्या गाठीजवळ, हलक्याचा लांब. कावडीचं आणि तराजूचं गणित तिला शेळ्यांमागं कुणी शिकवलं, देव जाणे. मग ते सरळ उभं राहिलं आणि नुसत्या श्वासानं फिरायला लागलं.

मी ते शाळेत नेलं. त्या वर्षी झेंड्याला तालुक्याहून कुणी साहेब आले होते. त्यांनी विचारलं, "कुणी केलं हे?" गुरुजींनी माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणालो, "मी." साहेबांनी मला एक वही आणि पेन्सिल दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवळासमोरच्या कडुलिंबाखाली शेळ्या घेऊन अक्का उभी होती. आवाज तिथवर जात असावा की नसावा, मी आयुष्यभर ठरवू शकलो नाही. रात्री तिनं एवढंच विचारलं, "पाखरं फिरली का रं?"

"फिरली," मी म्हणालो. वही मी ट्रंकेत तळाला ठेवली. तीत लिहायची मला कधी हिंमत झाली नाही.

मग 1972 चा दुष्काळ आला. आधीची दोन वर्षंही तशी कोरडीच गेली होती. बोरी नदीत झरे उकरून पाणी काढायचे. बाप, आई, अक्का खडी फोडायच्या कामावर. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, पोरांना सुकडी. जनावरं बाजारात मिळेल त्या भावानं गेली. अशात 1973 च्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न ठरलं. एक खाणारं तोंड कमी, असं कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ते ठाऊक होतं. मांडवाला डहाळे मिळेनात, तिथं कागदाला पैसे कुठले. अक्का म्हणाली, "जुन्या वह्या हायेत का?" मी सगळ्या काढून दिल्या. लिहिलेली पानं तिनं रंगवली. हळदीचं पिवळं, हळदीत चुना कालवून तांबडं, कपड्याच्या निळीचं निळं. खळीला कणीक वापरायची सोय नव्हती, म्हणून बाभळीचा डिंक भिजवला. स्वतःच्या लग्नाच्या पताका स्वतः कातरत बसलेली नवरी मी तेवढी एकच बघितली. पानं पुरेनात तेव्हा मी ट्रंकेच्या तळाची ती कोरी वही काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती ओळखली. काही बोलली नाही. तिच्या पांढऱ्या पानांची फुलं कातरून मधोमध लावली. लग्न लागलं तेव्हा पताकांवर कुठं कुठं माझी उजळणी दिसत होती, बे दाहे वीस.

अक्का दिली होती सास्तूरच्या बाजूला, तेरणेच्या काठी. घर आमच्यासारखंच माळवदाचं, उलट अधिक भक्कम. जाड भिंती, जड तुळया. मी शिक्षक झालो. भाऊबीजेला जायचो तेव्हा तिच्या माजघरात दरवर्षी नवी साखळी असायची. हातातलं काम तिनं सोडलं नव्हतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 29 सप्टेंबर 1993 ला गणपतींचं विसर्जन झालं. दमलेली गावं उशिरा झोपली. 30 तारखेला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांत गावंच्या गावं आडवी झाली. हजारो माणसं गेली आणि त्यातली बहुतेक आपल्याच घराखाली गेली. मातीत बसवलेले दगड सुटले, भिंती उसवल्या, हातभर मातीचं माळवद आणि त्याखालच्या तुळया झोपलेल्या माणसांवर आल्या. ज्या तुळईला आम्ही पाळणा टांगला, फुलोरा टांगला, तीच.

अक्काच्या घरची माणसं विसर्जनाहून उशिरा आली म्हणून अंगणातच पडली होती, ती वाचली. सासूबाई आणि दिराचा धाकटा मुलगा आत होते.

मी दिवाळीत गेलो तेव्हा ती सगळी पत्र्याच्या शेडमध्ये होती. रांगेनं शेडच शेड, मधे चिखल. कुणाच्या दारात पणती नव्हती. सबंध जिल्ह्याला सुतक होतं. पण अक्काच्या शेडमध्ये, लोखंडी पाइपाला, कागदाची साखळी होती. मदत म्हणून आलेल्या बिस्किटांचे पुडे, औषधांची खोकी, तिला वाचता न येणाऱ्या भाषांतली वेष्टनं, यांच्या पट्ट्या. चिकटवायला भाताची शितं.

मला बघवेना. म्हणालो, "अक्का, सुतकात हे?"

ती म्हणाली, "शोभेचं न्हाई रं ते. दिवसा काढूनच ठिवती मी, बायका नावं ठिवत्यात. रातीला लावती." मग हळू आवाजात म्हणाली, "लेकरं झोपंनात. छताखाली निजायचं म्हनलं की उटून भाईर पळायलीत. भुई अजून हलतीया की. म्हनून म्या ही टांगली. म्हनलं, हिच्याकडं बगा. साखळी हालत न्हाई, म्हंजी भुई हालत न्हाई. निजा आता."

धक्के खरंच पुढं कितीतरी महिने येत राहिले. रात्री मी तिथंच मुक्काम केला. कंदील बारीक केला, दार लोटलं. तीन पोरं आणि दिराची एक मुलगी, चौघं उताणी पडून वर बघत होती. मीही बघत होतो. कुणी बोलत नव्हतं. साखळी स्थिर होती. एकेक करून पोरांचे डोळे मिटले. मी मात्र बराच वेळ जागा होतो.

आज्जी म्हणायची ते मला त्या शेडमध्ये नीट कळलं. माणूस छताखाली राहतो खरा, पण वरचं छत आपलं आहे असं वाटायला त्याला आपल्या हातचं काहीतरी लागतं. मग ती पिठाची वेणी असो की बिस्किटाच्या पुड्याची कडी. ते टांगलं की शेडचं घर व्हायला सुरुवात होते. अक्कानं मला हे सांगितलं नाही. तिला ते सांगायचंही नव्हतं. तिला पोरं झोपवायची होती.

पुढं 52 गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या प्रमाणात 250 ते 750 चौरस फुटांची, भूकंपाला टिकतील अशी घरं मिळाली. अक्काच्या घराला सिमेंटचा स्लॅब. तुळई नाही, सर नाहीत, खिळा शिरायचा नाही. पहिल्या महालक्ष्म्यांना तिच्यापुढं प्रश्न, फुलोरा कुठं बांधायचा? गावातल्या सगळ्याच बायकांपुढं तो प्रश्न होता. कुणी चार पाइपांची चौकट उभी केली, कुणी खिडकीच्या गजांना सुतळ्या ताणल्या. अक्कानं पंख्याचा हूक धरला. "पंका नंतर बगू, गवऱ्या आदी," म्हणाली.

आता जिल्ह्याचं नाव धाराशिव झालंय. गावोगाव सणाच्या आधी दुकानांत चमकीच्या माळा, प्लॅस्टिकच्या पताका, दिव्यांच्या तोरणांचे ढीग लागतात. मधे थर्माकोलची मखरं फार झाली होती. सरकारनं 2018 साली प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली, तेव्हा काही दिवस पुन्हा कागदाला बरे दिवस आले. पण तोही कागद बहुतेक विकतचाच, कातरून घडी घालून आलेला. नोकरीतली शेवटची वर्षं मी कार्यानुभवाच्या तासाला पोरांना साखळी शिकवायचो. वीस गुणिले चार, ऐंशी. पोरं अजूनही आधी चिकटवायची आणि मग ओवायला जायची. साखळी उतरवल्यावर वाटून द्यायची गुरुजींची पद्धत मी मोडली नाही. त्यातली किती कुणाच्या घरी टांगली गेली, ते बघायला गेलो नाही.

नातीचा मोबाईल काही सरळ होईना. तुराट्या शहरात कुठल्या, म्हणून तिनं आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या होत्या. एक बाजू सारखी कलंडायची. मी अक्काला फोन लावला आणि आवाज मोठा केला. साठी कधीच ओलांडलेला तिचा आवाज खणखणीत होता.

"जड पाखरू गाठीजवळ आन बाई. हलकं लांब सरकव. लई न्हाई, बोटभर."

नातीनं दोरा सरकवला. काड्या सरळ झाल्या. आमच्या फ्लॅटच्या छताला पंखा होता, म्हणून ते बाल्कनीच्या गजाला बांधलं.

"पाखरं फिरली का?" अक्कानं विचारलं.

मला एकदम काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "अक्का, त्या वर्षी शाळेत साहेबांनी इचारलं, तवा म्या..."

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "लिंबाखाली हुते ना मी. समदं ऐकू येत हुतं." आणि लगेच म्हणाली, "वही तर तू दिलीसच की पुन्यांदा माज्या लग्नात. बरं, तुमच्याकडं पाऊस हाय का? हितं हरभरा पेरायचा ऱ्हायलाय."

मी पावसाचं सांगत बसलो. बाल्कनीत वारा सुटला होता आणि नात ओरडत होती, "आजोबा, बघा, फिरायलेत!"